गूगल ॲड्सचे ऑटोमेटेड रूल्स: सांगकाम्या चांगला, पण सांगायला जमलं पाहिजे

गूगल ॲड्सच्या (गूगलवर जाहिराती चालवायच्या सेवेच्या) खात्यात टूल्समध्ये ‘बल्क ॲक्शन्स’ आणि त्याखाली ‘रूल्स’ आहे. रूल म्हणजे ‘अमुक अट जुळली तर तमुक कर’ अशी लिहून ठेवलेली सूचना. वेगळे पैसे लागत नाहीत, कोडिंग लागत नाही. कॅम्पेन (जाहिरात मोहीम), त्यातला ॲड ग्रुप, कीवर्ड (ज्या शब्दांच्या शोधावर जाहिरात दिसते ते) किंवा ॲड चालू-बंद करणं, बजेट वा बिड (क्लिकसाठी लावलेली बोली) कमी-जास्त करणं, नाहीतर नुसता ईमेल पाठवणं एवढी कामं रूल ठरल्या वेळी करतो. नवा रूल दहा मिनिटांत तयार होतो. खरी परीक्षा जुना रूल बदलताना होते, आणि तिथे या सोयीला आम्ही पाचातले तीनच गुण देऊ.

सगळ्यात जास्त पैसे कुठे जातात ते आधी. समजा, एका चौकशीमागे 500 रुपयांपेक्षा जास्त खर्च परवडत नाही, म्हणून ‘कॉस्ट पर कन्व्हर्जन 500 पेक्षा जास्त असेल तर कीवर्ड पॉज’ असा रूल लावला (कन्व्हर्जन म्हणजे जाहिरातीतून साधलेलं हवं ते काम, इथे चौकशी; पॉज म्हणजे तात्पुरता बंद). 4,000 रुपये खर्चून 5 चौकश्या आणणारा कीवर्ड (800 रुपयांना एक) बरोबर पकडला जातो. पण 4,000 रुपये खाऊन एकही चौकशी न आणणारा निवांत चालू राहतो. कारण कन्व्हर्जन शून्य असेल तर या रकान्यात गूगल 0 दाखवतं, आणि 0 काही 500 पेक्षा मोठा नाही. म्हणजे सगळ्यात वाया गेलेला कीवर्डच जाळ्यातून सुटतो. एका रूलमधल्या सगळ्या अटी ‘आणि’ने जोडल्या जातात, ‘किंवा’ची सोय नाही. त्यामुळे दुसरा रूल वेगळाच लावावा लागतो: कन्व्हर्जन 1 पेक्षा कमी आणि कॉस्ट 1,500 पेक्षा जास्त. परवडणाऱ्या खर्चाच्या तिप्पट हा आकडा सुरुवातीला ठीक.

उलट बाजूलाही हाच घोळ. ‘कॉस्ट पर कन्व्हर्जन 400 पेक्षा कमी असेल तर पुन्हा चालू करा’ असं लिहिलं, की शून्य कन्व्हर्जनवाले सगळे पॉज कीवर्ड अटीत बसतात आणि उठून उभे राहतात. त्यात हाताने मुद्दाम बंद केलेलेही आले. म्हणून चालू करणाऱ्या रूलमध्ये ‘कन्व्हर्जन किमान 1’ ही अट हवीच, शिवाय लेबलची (आपण कीवर्डला लावलेल्या खुणेची) अट घालून ठरावीक कीवर्डच त्याच्या हाती द्यावेत. ‘कशाला लागू’ या रकान्यात पॉज असलेलेही धरलेत ना, ते बघा. फक्त चालू असलेले निवडले असतील तर चालू करणारा रूल रोज धावेल आणि काहीच करणार नाही.

आता कालावधी. रूल बदलताना लोक 500 चे 600 करतात आणि खालचा ‘कोणत्या दिवसांचा डेटा’ हा रकाना तसाच सोडतात. गूगल कन्व्हर्जन मोजतं ते क्लिकच्या तारखेवर. सोमवारी क्लिक करून गुरुवारी फॉर्म भरला, तरी नोंद सोमवारच्या खात्यात. त्यामुळे ‘काल’ धरून चालणाऱ्या रूलला कालचा दिवस नेहमी महागच दिसतो. फ्लॅट, क्लास, फर्निचर अशा विचार करून घेतल्या जाणाऱ्या गोष्टींसाठी 14 किंवा 30 दिवस धरा. एक दिवसाचा डेटा ईमेलच्या सूचनेपुरता ठेवा, पॉज करायला नको.

बजेट वाढवणाऱ्या रूलमध्ये कमाल मर्यादा भरणं सक्तीचं नाही, हे आम्हाला पटत नाही. रोज 20 टक्के वाढ म्हणजे 1,000 रुपयांचे सात वेळा धावून 3,583 होतात. त्यातच गूगल एखाद्या दिवशी रोजच्या बजेटच्या दुपटीपर्यंत खर्च करू शकतं (महिन्याचा एकूण खर्च मात्र रोजच्या बजेटच्या 30.4 पटीत बसवतं), तेव्हा मर्यादेचा रकाना रिकामा सोडू नका.

बदल करण्याची पद्धत सरळ पण वेळखाऊ आहे. यादीतून एकेक रूल उघडायचा, एडिट करायचं, ‘प्रिव्ह्यू’ दाबायचा, मग सेव्ह. प्रिव्ह्यू आत्ताच्या आकड्यांवर चालतो, त्यामुळे सकाळी 3 कीवर्ड दाखवणारा रूल रात्री 30 पकडू शकतो. तरीही प्रिव्ह्यूमध्ये शून्य किंवा सगळेच्या सगळे दिसले तर अट उलटी पडली आहे हे तिथल्या तिथे कळतं. हिस्टरीत प्रत्येक फेरीची नोंद मिळते आणि अनडूही करता येतं. ही सोय खरोखर चांगली आहे. पॉज करणारा आणि चालू करणारा रूल एकाच तासात ठेवू नका, आधी कोणता धावेल याची खात्री नसते. दोन तासांचं अंतर पुरतं.

काही जुने रूल दुरुस्त करण्यात अर्थ नाही, काढूनच टाका. ॲव्हरेज पोझिशन (जाहिरात सरासरी कितव्या जागी दिसते) हा आकडा गूगलने सप्टेंबर 2019 मध्ये बंद केला. त्यावरचा रूल नव्याने ‘टॉप इम्प्रेशन रेट’वर (जाहिरात किती टक्के वेळा वरच्या जागेत दिसली यावर) लिहावा लागतो. कॅम्पेन टार्गेट सीपीएसारख्या (एका कन्व्हर्जनमागचा खर्च आपण ठरवून द्यायचा) स्मार्ट बिडिंगवर गेलं असेल तर कीवर्डची बिड बदलणाऱ्या रूलचा उपयोग उरत नाही, तिथे बिड गूगलच ठरवतं.

वेळेचं गणित खात्याच्या टाइम झोनवर. परदेशातून उघडलेलं खातं कॅलिफोर्नियाच्या वेळेवर असेल तर मध्यरात्रीचा रूल आपल्याकडे दुपारी साडेबाराला धावतो, आणि तिकडच्या हिवाळ्यात दीडला. शिवाय 11 ची वेळ म्हणजे 11 ते 12 मध्ये कधीही. रात्री बाराच्या ठोक्याला सेल सुरू व्हायचा असेल तर ते काम रूलवर टाकू नये. आणि दिवाळी येते तिथीने, रूल चालतो तारखेने. 2025 चं लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला, तर 2026 चं 8 नोव्हेंबरला. दरवर्षी असा पर्यायच नसल्याने सणाचा रूल ‘एकदाच’ म्हणून लावायचा आणि पंचांग बघून तारीख घालायची. बंद करणारा जोडीदार रूल त्याच बैठकीत लिहून ठेवा, नाहीतर भाऊबीज उलटली तरी ‘दिवाळी ऑफर’ची जाहिरात फिरत राहते.

ईमेलचा पर्याय मात्र बदल केल्यावर पहिले दोन आठवडे ‘प्रत्येक वेळी’ वरच ठेवा. ‘फक्त बदल वा चूक झाली तर’ निवडलं, तर काहीच न पकडणारा चुकीचा रूल महिनोन्‌महिने गप्प बसून राहतो.