ईएसलिंट: व्हीएस कोडमधील जागरूक तपासनीस

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळद व्यापाऱ्यांसाठी हिशेबाची प्रणाली लिहिताना आम्ही व्हीएस कोड या कोड लिहिण्याच्या संपादकात ईएसलिंट या जावास्क्रिप्ट कोड तपासणाऱ्या साधनाचे एक्स्टेंशन (जोड-सुविधा) वापरतो. 2013 साली आलेले ईएसलिंट कोड न चालवताच तपासते आणि प्रत्येक नियम बंद, इशारा किंवा त्रुटी यांपैकी कोणत्या पातळीवर ठेवायचा, हे आपल्याला ठरवू देते. माझ्या मते हीच त्याची सर्वांत मोलाची सोय आहे. न वापरलेल्या व्हेरिएबलचा नियम आम्ही इशाऱ्यावर ठेवला. तुलना करताना दुहेरी बरोबरचिन्हाऐवजी (==) प्रकारही जुळवून पाहणाऱ्या तिहेरी चिन्हाचा (===) आग्रह धरणारा नियम मात्र त्रुटीवर, कारण वजनाचा रिकामा राहिलेला रकाना दुहेरी चिन्हाने शून्याइतकाच मानला जातो आणि हिशोबपट्टीत ते चालणार नाही. ईएसलिंटच्या आवृत्ती 9 पासून कॉन्फिगरेशनची (हे नियम जिथे लिहून ठेवतात ती) फाइल मुळातूनच बदलल्याने जुन्या प्रकल्पांना थोडे काम पडते.