हिंजवडीत ऑफिसपासून पायी अंतरावर घर: अकरा महिन्यांनंतरचा अनुभव

आमच्या घराचा ११ महिन्यांचा भाडेकरार या महिनाअखेरीस संपतो आहे. तो पुन्हा करण्यापूर्वी या काळात काय साधले आणि काय साधले नाही, हे नीट लिहून काढावे असे वाटले, कारण जून २०२४ मध्ये कोथरूडहून हिंजवडी गावात राहायला येताना मला नेमकी अशीच माहिती हवी होती आणि ती कोठेही सलग मिळाली नव्हती. माझे ऑफिस राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या फेज १ मध्ये आहे. कोथरूडहून कंपनीच्या बसने सकाळी सव्वा तास आणि संध्याकाळी, विशेषतः पावसात, पावणेदोन तास जात असत. मला घर मोठे नको होते, उंच मजल्यावरचेही नको होते. सकाळी दाराला कुलूप लावून पायी ऑफिसला जाता यावे आणि संध्याकाळी परतताना भाजी घेऊन घरी येता यावे, एवढीच माझी अपेक्षा होती.

आम्ही घरात तिघे आहोत. माझे यजमान आठवड्यातून तीन दिवस घरून काम करतात आणि सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. त्यामुळे 'पायी' या शब्दाचा अर्थ केवळ माझ्या ऑफिसपुरता नव्हता, हे मला शोध सुरू केल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी लक्षात आले.

सुरुवातीला आम्ही वाकडमध्ये घरे पाहिली, कारण दुकाने, दवाखाने आणि शाळा यांच्या दृष्टीने वाकड फार सोयीचे आहे. नकाशावर एका इमारतीपासून माझे ऑफिस अडीच किलोमीटरही नव्हते. परंतु वाकड आणि हिंजवडी यांच्यामधून मुंबई-बंगळूर महामार्ग जातो आणि तो ओलांडण्यासाठी भूमकर चौकातील किंवा वाकड पुलाजवळील भुयारी रस्त्यातूनच जावे लागते. मी सकाळी ९ वाजता भूमकर चौकातून प्रत्यक्ष चालून पाहिले. दोन्ही बाजूंनी येणाऱ्या गाड्यांमधून वाट काढत, भिंतीला खेटून पलीकडे पोहोचल्यावर मी वाकडचा विचार त्याच दिवशी सोडला. बालेवाडी मला मनापासून आवडली, तिथे संध्याकाळी फिरायला जाणे हा खरोखर आनंद आहे, पण मध्ये मुळा नदी आणि महामार्ग असल्याने ऑफिस वाहनाच्याच अंतरावर राहिले असते. फेज ३ कडील मोठ्या वसाहती आतून उत्तम आहेत, आणि ज्यांचे ऑफिस फेज ३ मध्येच आहे त्यांनी त्या अवश्य पाहाव्यात. मात्र फेज १ आणि फेज ३ यांच्यात पाच-सहा किलोमीटरचे अंतर आहे. 'हिंजवडीत घर मिळाले' एवढ्यावर समाधान मानणाऱ्या माझ्या दोन सहकाऱ्यांना ते फार उशिरा कळले.

या शोधातून माझे एक मत तयार झाले, ते येथे स्पष्टपणे मांडते. एमआयडीसीने वसवलेला हा भाग मोठमोठ्या भूखंडांचा आहे. प्रत्येक भूखंडाला लांब कुंपणभिंत आणि एकच मुख्य गेट असल्यामुळे शेजारच्या इमारतीत जायचे असले तरी संपूर्ण भिंतीला वळसा घालावा लागतो, आणि त्या भिंतीच्या कडेने ना दुकान असते, ना बाक, ना सावली. नव्या निवासी वसाहतींची रचनाही याच पद्धतीची आहे. याउलट मुळशी तालुक्यातील हिंजवडी हे गाव या साऱ्याच्या आधीपासून आहे. त्याच्या गल्ल्या माणसाच्या आणि बैलगाडीच्या मापाने झालेल्या असल्यामुळे पाच मिनिटांच्या अंतरात किराणा, पिठाची गिरणी, औषधांचे दुकान, शिंपी आणि देऊळ असे सर्व काही सापडते. आयटी पार्कजवळ चालण्याजोगी जागा शोधणाऱ्याने मनोऱ्यांच्या जाहिरातींकडे पाहण्यापूर्वी जुन्या गावठाणात एक फेरी मारावी, असे मी आता प्रत्येकाला सांगते. घर थोडे लहान मिळेल, इमारतीला पोहण्याचा तलाव नसेल, पण दूध संपले म्हणून कोणी गाडीची किल्ली शोधणार नाही.

अनामत रक्कम देण्यापूर्वी मी प्रत्येक पसंत पडलेल्या घरापासून ऑफिसपर्यंत तीनदा चालले: कामाच्या दिवशी सकाळी ९ वाजता, रात्री साडेआठ वाजता आणि एकदा पाऊस पडत असताना. या तीन फेऱ्यांनी जे सांगितले ते कोणत्याही दलालाने सांगितले नसते. एक घर आम्हा सर्वांना इतके आवडले होते की टोकन द्यायचे ठरले होते; स्वयंपाकघर मोठे होते, दोन बाल्कन्या होत्या आणि भाडेही बेताचे होते. रात्रीच्या फेरीत मात्र त्या घराच्या अलीकडे सुमारे ३०० मीटरचा पट्टा असा आढळला की तिथे एकही दिवा नव्हता, एका बाजूला मोकळा भूखंड होता आणि दुसऱ्या बाजूला पत्रे ठोकलेले बांधकाम होते. ऑफिसातून मला अनेकदा साडेआठ-नऊ होतात. त्या अंधारातून रोज एकटीने चालणे मला शक्य झाले नसते, आणि मग पुन्हा रिक्षा आलीच. ते घर आम्ही सोडले. स्त्रियांनी रात्रीची फेरी कोणत्याही कारणाने टाळू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

शेवटी गावातच, शिवाजी चौकापासून थोडे आत, पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, हॉल आणि स्वयंपाकघर असलेले घर ₹२१,००० भाड्याने आणि ₹८०,००० अनामतीवर घेतले. करारात लॉक-इनचा काळ, म्हणजे ज्या काळात घर सोडता येत नाही तो, तीन महिन्यांहून अधिक नको, हा आमचा आग्रह मालकांनी मान्य केला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, त्यामुळे काही लोक दरवर्षीच्या नोंदणीला कंटाळतात. मला मात्र ११ महिन्यांची ही मुदत सोयीची वाटली, कारण चारही ऋतूंत रस्ता कसा असतो हे पाहिल्याशिवाय त्या जागी घर विकत घेणे म्हणजे न चाललेल्या वाटेवर आयुष्याची बचत ठेवणे होय.

आता रोजच्या चालण्याविषयी. घरापासून कंपनीच्या गेटपर्यंत १.३ किलोमीटर आहे आणि मला १७ ते १८ मिनिटे लागतात. परंतु गेटपासून माझ्या इमारतीच्या लिफ्टपर्यंत आणखी ४०० मीटर चालावे लागते, हे मी सुरुवातीला हिशेबात धरलेच नव्हते. मोठ्या आवारांत काम करणाऱ्यांनी अंतर गेटपर्यंत न मोजता आपल्या खुर्चीपर्यंत मोजावे. एकूण २४ मिनिटे होतात, आणि ती मला जड वाटत नाहीत. पूर्वी प्रवासात रोज तीन तास जात होते, आता ४८ मिनिटे जातात, तीही बसमध्ये डोळे मिटून बसण्याऐवजी मोकळ्या हवेत. कंपनीच्या बसचे महिन्याला कापले जाणारे ₹२,८०० वाचले. पायांचे दुखणे पहिले तीन आठवडे होते, नंतर ते थांबले. सप्टेंबरपासून मला रात्री लवकर झोप लागू लागली, हा बदल सर्वांत आधी यजमानांच्या लक्षात आला.

रस्त्याची स्थिती मात्र मिश्र आहे आणि ती लपवून ठेवण्यात अर्थ नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांविषयीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी असे म्हटले आहे. दोन माणसे समोरासमोर आली तर कोणालाही खाली उतरावे लागू नये, हा त्यामागचा साधा विचार आहे. माझ्या वाटेवर अशी रुंदी साधारण निम्म्या अंतरावर मिळते. उरलेल्या अंतरात कोठे विजेचा डीपी, कोठे उखडलेले पेव्हर ब्लॉक, कोठे उभ्या केलेल्या दुचाक्या आणि काही काळ मेट्रोच्या कामासाठी लावलेले पत्रे होते. सर्वांत कठीण भाग म्हणजे मुख्य रस्ता ओलांडणे. संध्याकाळी ६ ते ८ या वेळात गाड्या संथ चालतात, पण त्यांच्यामधून दुचाक्या कोणत्या बाजूने येतील याचा नेम नसतो. मी पहिल्याच महिन्यात ठरवले की एकटीने न ओलांडता चार-पाच जण जमेपर्यंत थांबायचे, आणि हा नियम मी आजवर मोडलेला नाही. त्यासाठी रोज तीन-चार मिनिटे अधिक जातात.

पावसाळ्याविषयी सविस्तर सांगते, कारण येथे राहायला येण्याचा विचार करणाऱ्यांनी जुलै डोळ्यांसमोर ठेवूनच निर्णय घ्यावा. मुळशीच्या बाजूने येणारा पाऊस पुण्याच्या पेठांतल्या पावसापेक्षा जोरदार असतो. जुलैमध्ये दोन दिवस रस्त्यावर घोट्याच्या वर पाणी होते. पाण्याखाली चेंबर आहे की खड्डा, हे कळत नसल्याने मी त्या दोन्ही दिवशी घरूनच काम केले. बाकीच्या दिवसांत छत्रीपेक्षा गुडघ्यांखाली येणारा रेनकोट उपयोगी पडला, कारण मोठ्या गाड्यांमुळे उडणारे पाणी बाजूने येते. ऑफिसच्या कपाटात एक सलवार-कुडता, टॉवेल आणि कोरड्या चपला मी जूनपासून ऑक्टोबरपर्यंत कायम ठेवल्या. आठ-नऊ वेळा रिक्षाने गेले आणि प्रत्येक वेळी ती चालण्यापेक्षा उशिरा पोहोचली.

सासूबाईंचा अनुभव माझ्यापेक्षाही महत्त्वाचा आहे असे मला वाटते. कोथरूडमधील आमच्या इमारतीत त्या चौथ्या मजल्यावर राहत आणि खाली उतरण्यासाठी त्यांना काहीतरी निमित्त लागे. येथे त्या रोज सकाळी म्हातोबाच्या देवळात जातात, येताना कोथिंबीर आणतात, आणि दर आठ दिवसांनी दळण स्वतः गिरणीत देऊन येतात. डिसेंबरमध्ये मी त्यांना करमते ना, असे विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, इथे खाली उतरलं की निदान चार माणसं बोलतात तरी." गिरणीवाल्या काकूंशी त्यांची इतकी ओळख झाली आहे की एके दिवशी सासूबाई गेल्या नाहीत तर काकूंनी मुलाला पाठवून चौकशी केली. यंदाच्या चैत्र पौर्णिमेला म्हातोबाच्या उत्सवातील बगाड, म्हणजे नवसाचा लाकडी गाडा, पाहण्यासाठी त्या दुपारपासून तयार होऊन बसल्या होत्या. बगाड हिंजवडीहून वाकडकडे निघते, त्या दिवशी वाहतूक वळवली जाते आणि सारा रस्ता माणसांचा होतो. ज्या रस्त्यावर मी एरवी जीव मुठीत धरून उभी असते, तेथे आम्ही तिघे मध्यभागातून चाललो.

उणिवा आहेत आणि त्या लहान नाहीत. मार्चपासून इमारतीत टँकरचे पाणी येते व त्याचा खर्च भाड्याव्यतिरिक्त द्यावा लागतो. धुळीमुळे खिडक्या दिवसा उघडता येत नाहीत. झाडांखाली बसता येईल अशी सार्वजनिक बाग आमच्या पायी अंतरात नाही. मोठ्या रुग्णालयासाठी वाकडला जावे लागते आणि रात्रीच्या वेळी त्याची काळजी वाटते, म्हणून आम्ही एक दुचाकी ठेवली आहे, दुसरी विकली. नाटकाची सवय असलेल्या माणसाला येथे चुकल्यासारखे वाटते. यशवंतराव चव्हाण नाट्यगृह आमच्या जुन्या घरापासून चालत दहा मिनिटांवर होते आणि आता तेथे जाणे म्हणजे अर्ध्या दिवसाचा बेत असतो. ज्यांचे दोघांचेही ऑफिस वेगवेगळ्या टोकांना आहे, त्यांना मी ही जागा सुचवणार नाही.

माण ते शिवाजीनगर या सुमारे २३ किलोमीटरच्या उन्नत मेट्रोमार्गाचे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झाले आणि त्यावर शिवाजी चौकातही स्थानक आहे. ती धावू लागली की नाटकाचा प्रश्न बराच सुटेल, पण भाडीही वाढतील. मालकांनी नव्या करारासाठी आताच ₹२३,५०० सांगितले आहेत. आम्ही दोघांनी हिशेब मांडला. वाढलेले ₹२,५०० हे बसच्या वाचलेल्या पैशांत बसतात, आणि रोजचे दोन तास कोणत्याही भावात परत विकायला माझे मन तयार नाही. आम्ही करार पुन्हा करत आहोत.

मालकांपुढे एकच अट ठेवली होती: आमच्या गल्लीच्या वळणावर, जेथे रात्री अंधार पडतो, तेथे इमारतीच्या भिंतीवर एक दिवा लावावा. गुरुवारी वायरमन येऊन तो बसवून गेला. काल ऑफिसातून निघायला मला पावणेनऊ झाले होते, आणि वळणावर पोहोचले तेव्हा सासूबाई गिरणीवाल्या काकूंबरोबर त्या उजेडात बोलत उभ्या होत्या.