विंडोजची एडिशन स्क्रिप्टने ओळखून यादी करून देणारी सेवा: इंदूरमधील एका संस्थेचा अभिप्राय

इंदूरच्या सिल्व्हर मॉल परिसरात संगणक दुरुस्त करणाऱ्यांची कमतरता नाही. परंतु संस्थेतील प्रत्येक संगणकावर विंडोजची नेमकी कोणती एडिशन (होम, प्रो यांसारखा प्रकार) आहे, याची विश्वास ठेवण्याजोगी यादी करून देणारे सहज सापडत नाहीत. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि रामबागेतील आमच्या शिक्षणसंस्थेला अशी यादी तातडीने हवी झाली. कोणता संगणक विंडोज ११ वर न्यायचा, कोणता बदलायचा आणि कोणत्यासाठी मुदतवाढ घ्यायची, हे त्याशिवाय ठरत नव्हते. एडिशनला महत्त्व का, हे एका उदाहरणावरून लक्षात यावे: विंडोज १० एन्टरप्राइझ एलटीएससी २०२१ या दीर्घ मुदतीच्या एडिशनला १२ जानेवारी २०२७ पर्यंत अद्यतने मिळणार आहेत, तर त्याच पिढीच्या होम आणि प्रो यांची मुदत संपलेली आहे.

आमच्या आधीच्या देखभाल ठेकेदाराने दिलेल्या यादीत गेल्या वर्षी घेतलेल्या नव्या संगणकांपुढेही ‘विंडोज १० प्रो’ असेच लिहिलेले होते. सिल्व्हर मॉलजवळच्या ज्या सेवेविषयी हा अभिप्राय आहे, तिथल्या तंत्रज्ञाने याचे कारण आमच्याच एका संगणकावर रजिस्ट्री (विंडोजच्या अंतर्गत नोंदींचा साठा) उघडून दाखवले. तेथील ‘प्रॉडक्टनेम’ या नोंदीत विंडोज ११ असतानाही ‘विंडोज १० प्रो’ हेच नाव राहते. मायक्रोसॉफ्टने ते बदललेले नाही. त्याच्याच शेजारी ‘करंटबिल्ड’ ही बिल्डची, म्हणजे आवृत्तीच्या अंतर्गत क्रमांकाची, नोंद असते आणि तिच्यातील आकडा २२००० किंवा त्याहून मोठा असेल तर ते विंडोज ११ समजावे. “सर, नाव वाचू नका, नंबर वाचा,” असे तो म्हणाला, आणि त्याची पुढची सगळी स्क्रिप्ट (संगणकाने क्रमाने पाळायच्या आज्ञांची फाइल) याच तत्त्वावर बेतलेली आहे.

ही स्क्रिप्ट विंडोजच्या पॉवरशेल या आज्ञाभाषेत लिहिलेली असून ती विंडोजकडून एडिशनचा एसकेयू क्रमांक, म्हणजे प्रत्येक एडिशनला दिलेला ठरावीक आकडा, मागते: ४८ म्हणजे प्रो, १०१ म्हणजे होम, १०० म्हणजे होम सिंगल लँग्वेज, ४ म्हणजे एन्टरप्राइझ आणि १२५ म्हणजे एन्टरप्राइझ एलटीएससी. नाव भाषेप्रमाणे बदलते, फ्रेंच विंडोजमध्ये तर होमच्या जागी ‘फामीय’ असे येते. क्रमांक मात्र सर्वत्र एकच असतो. केवळ बिल्डवर विसंबूनही चालत नाही, कारण विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती आणि विंडोज सर्व्हर २०२५ या दोहोंचा बिल्ड क्रमांक २६१०० हाच आहे. म्हणून स्क्रिप्ट ‘प्रॉडक्टटाइप’ हेही तपासते: १ आला तर साधा संगणक, ३ आला तर सर्व्हर आणि २ आला तर डोमेन कंट्रोलर, म्हणजे संस्थेच्या नेटवर्कमधील खाती सांभाळणारा सर्व्हर. जुन्या बॅच फायलींत सर्रास वापरली जाणारी ‘डब्ल्यूएमआयसी’ ही आज्ञा त्यांनी मुद्दाम टाळली आहे, कारण विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्यांत ती आपोआप मिळत नाही. असा पुढचा विचार करून केलेले काम मला फार मोलाचे वाटते.

यादीचा खरा उपयोग लेखा विभागात झाला. तेथील लॅपटॉप होम सिंगल लँग्वेजचे निघाले, म्हणजे त्यांवर बिटलॉकरचे (डिस्क कूटबद्ध करण्याच्या सोयीचे) पूर्ण व्यवस्थापन, ग्रुप पॉलिसी (सगळ्यांना एकच नियम लावण्याची सोय) किंवा डोमेनमध्ये, म्हणजे संस्थेच्या सामायिक नेटवर्कमध्ये, जोडणे यांतले काहीच शक्य नव्हते, आणि विद्यार्थ्यांच्या शुल्काच्या सगळ्या नोंदी त्यांच्यावरच होत्या. प्रोचे परवाने कोणासाठी आधी घ्यायचे, हा आमच्या कार्यकारिणीतला वाद एडिशनच्या त्या एका रकान्यामुळे मिटला.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. पहिल्या यादीत कक्षांची नावे मराठीत भरली होती आणि एक्सेलमध्ये उघडताच त्या रकान्यात नुसती प्रश्नचिन्हे दिसली. विंडोजसोबत येणारे पॉवरशेल ५.१ सीएसव्ही फाइल (साध्या मजकुरातला तक्ता) लिहिताना वेगळे सांगितले नाही तर आस्की एन्कोडिंग, म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरे सामावणारी पद्धत, धरते आणि देवनागरी अक्षरे तिथेच नष्ट होतात. दुरुस्ती म्हणजे आज्ञेत यूटीएफ-८ या सर्व लिप्या सामावणाऱ्या पद्धतीचा एक पर्याय जोडणे एवढीच होती आणि ती त्यांनी आमच्यासमोर करून दिली. तरी मराठी संस्थांमध्ये काम करणाऱ्यांनी हे आधीच ध्यानात घ्यायला हवे होते. दुसरे असे की, साध्या विंडोजवर दूरस्थ व्यवस्थापनाची सोय मुळात बंद असल्यामुळे त्यांना पेन ड्राइव्ह घेऊन प्रत्येक संगणकापाशी जावे लागले. जे कक्ष त्या वेळी कुलूपबंद होते त्यांतले संगणक यादीबाहेर राहिले आणि त्यांच्यासाठी पुन्हा बोलवावे लागले.

शुल्क संगणकामागे ठरते आणि आम्हांला ते रास्त वाटले. स्क्रिप्ट चालवण्याआधी त्यांनी ती ओळीओळीने वाचून दाखवली, ती काहीही बदलत नाही, फक्त वाचते, याची आमच्या कर्मचाऱ्यांकडून खात्री करून घेतली आणि काम संपल्यावर तिची प्रत संस्थेकडेच ठेवली. मात्र एडिशन कळली म्हणजे परवाना वैध आहे असे होत नाही. प्रो असलेला संगणक सक्रिय केलेला नसूही शकतो. सक्रियतेचा रकाना यादीत नव्हता. काम देणाऱ्या संस्थांनी तो सुरुवातीलाच मागून घ्यावा.