डीडीआर५ रॅम, नऊ महिन्यांनंतर: ती काळी स्क्रीन मधेच बंद करू नका

३२ जीबीचा डीडीआर५-६००० किट (१६ जीबीच्या दोन स्टिक, ६००० हा वेगाचा आकडा) मी गणपतीच्या आधी घेतला. स्पेक्स सगळ्यांना पाठ आहेत, ते परत लिहीत नाही. मला लिहायचंय ते पॉवर बटण दाबल्यावर येणाऱ्या काळ्या स्क्रीनबद्दल, कारण तिच्यापायी माझे साडेसातशे रुपये आणि दोन दिवस गेले.

नवरात्रात लाइट गेली, यूपीएसची बॅटरी उतरलेली, पीसी धाडकन बंद. परत चालू केला तर फॅन फिरतायत, मदरबोर्डावरचा डीरॅमचा, म्हणजे रॅमची तपासणी दाखवणारा, पिवळा दिवा पेटलेला आणि मॉनिटर कोरा. मिनिटभर थांबायचो, बटण दाबून धरून बंद करायचो, परत चालू करायचो. असं पाच वेळा केलं. दुसऱ्या दिवशी कॅबिनेट उचलून सर्व्हिस सेंटरला नेलं. काउंटरवरच्या माणसाने बघूनच सांगितलं, "रॅम गेलीय, बोर्डपण बघावा लागेल." मी फॉर्म भरत होतो, पीसी तसाच चालू होता, आणि दोन-तीन मिनिटांत विंडोज उघडलं. कोणी स्क्रूसुद्धा काढला नव्हता. तरी तपासणीचे ७५० घेतलेच. तासभर वाद घातला, एक रुपया परत मिळाला नाही. राग अजून गेलेला नाही.

घरी येऊन वाचत बसलो. बिघाड काहीच नव्हता, मेमरी ट्रेनिंग, म्हणजे चालू होताना रॅमची मापं जुळवणं, चाललं होतं आणि मी ते दर वेळी अर्ध्यावर तोडत होतो.

रॅमच्या चिपमध्ये प्रत्येक डेटा पिनमागे एक रिसीव्हर असतो. आलेलं व्होल्टेज ठरलेल्या रेषेच्या वर असेल तर १, खाली असेल तर ०. डीडीआर३ मध्ये ही रेषा बाहेरून यायची, पुरवठ्याच्या बरोबर निम्म्यावर. डीडीआर४ पासून डेटासाठीची रेषा चिपच्या आतच तयार होते आणि कंट्रोलरला (प्रोसेसरमधला रॅम सांभाळणारा भाग) ती शोधून बसवावी लागते. तो रेषा एकेक पायरी सरकवतो, ठरलेला डेटा लिहितो, परत वाचतो, कुठून कुठपर्यंत बरोबर येतं ते बघतो आणि मध्यावर थांबतो. वेळेचंही तसंच. ६००० च्या वेगाला एका बिटच्या वाट्याला साधारण १६७ पिकोसेकंद येतात, तेवढ्यात प्रकाशसुद्धा जेमतेम ५ सेंटीमीटर जातो. शिवाय आधीच्या बिटचा नाद तारेत रेंगाळत असतो, देवळातल्या घंटेसारखा. तो वजा करायला डीडीआर५ च्या रिसीव्हरमध्ये डीएफई नावाचं सर्किट आहे, मागच्या चार बिटांचा हिशेब ठेवणारं. त्याचंही माप जुळवावं लागतं. हे कळल्यावर त्या पिवळ्या दिव्याकडे बघायची माझी नजरच बदलली.

तरीही रोज पाऊण मिनिट थांबणं जिवावर यायचं. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी बोर्डाची सेटिंग्ज) मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर चालू केलं. त्याने मागच्या वेळी जुळवलेली मापं तशीच वापरली जातात. बूट १८ सेकंदांवर आलं. या टप्प्यावर लिहिलं असतं तर पाचपैकी पाच तारे दिले असते आणि सगळ्यांना तेच चालू करायला सांगितलं असतं.

एप्रिलमध्ये एका लग्नाचा व्हिडिओ एक्स्पोर्ट केला. हळदीच्या शॉटमध्ये नवरीच्या कपाळावर हिरवा चौकोन, तीन फ्रेमपुरता. परत एक्स्पोर्ट केला तर तो गायब, पण दुसरीकडे आवाजात खरखर. रात्रभर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावला, सकाळी बघितलं तर ७ एरर. मापं थंडीत जुळवलेली आणि खोली आता तापलेली, हा माझा अंदाज. सिद्ध करायचं साधन माझ्याकडे नाही. पण ते सेटिंग बंद करून पुन्हा चार फेऱ्या चालवल्या, एकही एरर नाही. तेव्हापासून ते बंदच आहे, आणि दीड महिन्यात एकही फाइल खराब झालेली नाही.

किटला आता चार तारे. एक तारा कापला तो खोक्यातल्या कागदासाठी. त्यावर हीटसिंकच्या रंगाबद्दल परिच्छेद आहे, पण "पहिल्या वेळी काही मिनिटं स्क्रीन काळी राहील, बंद करू नका" हे एक वाक्य नाही. ते असतं तर माझे साडेसातशे वाचले असते, त्यात यूपीएसची निम्मी बॅटरी आली असती.

आणखी दोन स्टिक टाकायचा विचार असेल तर थांबा. एएम५ वर (एएमडीच्या प्रोसेसरचं सॉकेट) चार स्टिकना रायझेन ७००० प्रोसेसरचा अधिकृत वेग ३६०० च आहे. जास्त मेमरी लागणार असेल तर आधीच ३२ जीबीच्या दोन स्टिक घ्या.