बजेट ग्राफिक्स कार्डसाठी एसएमपीएस: जुनाच ठेवू, लोकल घेऊ, ४५० घेऊ का ५५०?

आधी कार्ड ठरवा, मग एसएमपीएस, म्हणजे पीसीला पॉवर पुरवणारा डबा. पण होतं काय की सगळे पैसे कार्डात जातात आणि एसएमपीएससाठी हातात आठशे-हजार उरतात, मीपण हेच केलेलं.

माझा आय-फाईव्ह ६५०० वाला जुना असेंबल पीसी, कॅबिनेटसोबत आलेला लोकल एसएमपीएस, त्यावर ठळक अक्षरात ४५० वॉट. सेकंडहँड आरएक्स ६६०० घेतलं, कार्डाला पॉवर देणारी ८ पिनची वायरच नव्हती, तर दुकानदाराने मोलेक्सवरून (जुन्या हार्ड डिस्कला लागायचा तो ४ पिनचा कनेक्टर) ८ पिन करणारा कन्व्हर्टर हातात ठेवला, म्हणे बिनधास्त लावा. डेस्कटॉप ठीक, यूट्यूब ठीक, गेम लावला की दहा मिनिटांत स्क्रीन काळी आणि रिस्टार्ट. तिसऱ्या दिवशी साईड पॅनल काढलं तर करपट वास आणि मोलेक्समध्ये पिवळी वायर जाते तिथलं पांढरं प्लास्टिक चहाच्या रंगाचं झालेलं. मग कुठे स्टिकर नीट वाचला, +१२ व्होल्टला १४ अँपियर. १२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॉट. कार्ड एकटं १३२ खातं, प्रोसेसर ६५ चा, झालं, इथेच गणित फसलं.

म्हणून बॉक्सवरचा वॉटचा आकडा सोडा, १२ व्होल्टचे अँपियर बघा. प्रोसेसर आणि कार्ड दोघांचा जवळपास सगळा लोड तिथेच असतो, आणि लोकलवाले ५ आणि ३.३ व्होल्टचे आकडे मिळवून बेरीज फुगवतात. ब्रँडेड ४५० वर १२ व्होल्टला ३५ च्या आसपास अँपियर दिसतात, म्हणजे ४२० वॉट, नावाला जागणारे.

जुनाच एसएमपीएस ठेवायचा असेल तर कार्ड असं घ्या ज्याला वेगळी पॉवर वायर लागतच नाही. जीटीएक्स १६५० (७५ वॉट) किंवा आरटीएक्स ३०५० ६ जीबी (७० वॉट), मदरबोर्डच्या स्लॉटमधून ७५ वॉटपर्यंत मिळतात तेवढ्यात भागतं. पण काही १६५० ना ६ पिन असते, फोटो झूम करून बघा, आणि ३०५० चं ८ जीबी वालं हे वेगळंच कार्ड आहे, १३० वॉटचं. रिफर्बिश्ड डेल ऑप्टिप्लेक्स ७०२० किंवा ९०२० टॉवर घेतला असेल तर मी हाच रस्ता सांगेन, कारण त्याच्या मदरबोर्डला नेहमीची २४ पिन नसते, ८ पिन असते, नवीन एसएमपीएस घेतला की परत कन्व्हर्टर शोधा. आणि छोटा, आडवा ऑप्टिप्लेक्स असेल तर साधा एसएमपीएस आत बसतच नाही.

नवीन लोकल, तो ‘गेमिंग’ लिहिलेला, आरजीबी फॅनवाला? नको. हातात घेतला की हलका लागतो तिथेच कळतं. सेकंडहँड एसएमपीएसपण नको, कार्ड सेकंडहँड चालेल एकवेळ.

आता खरा प्रश्न, ब्रँडेड ४५० का ५५०. आरएक्स ६६०० ला एएमडी स्वतःच ४५० सांगते, प्रोसेसर ६५ वॉटवाला असेल तर डोळे झाकून ४५० ब्राँझ घ्या (ब्राँझ, गोल्ड म्हणजे वीज किती कमी वाया जाते त्याचा दर्जा). आरटीएक्स ४०६० फक्त ११५ वॉटचं तरी एनव्हिडिया ५५० सांगते, कारण समोरच्याकडे प्रोसेसर कुठला असेल ते त्यांना माहीत नसतं. साध्या आय-फाईव्हबरोबर चांगला ४५० मला पुरेसा वाटतो. आरटीएक्स ३०६० मात्र १७० वॉटचं, आणि त्या पिढीची कार्डं क्षणभर भसकन जास्त ओढतात, तिथे ५५० च. दोन-तीन वर्षांनी कार्ड बदलायचा विचार असेल तरी ५५०, वरचे पैसे वाया जात नाहीत. वॉरंटीपण बघा, कोर्सेअर या एकाच कंपनीत सीव्ही सिरीजला ३ वर्षं आणि सीएक्सला ५. गोल्डच्या मागे लागू नका, ब्राँझ अर्ध्या लोडला ८५ टक्के देतो, लाईटबिलात जाणवेल असा फरक नाही पडत. ज्यांच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं त्यांनी स्टिकरवर इनपुट बघा, २००-२४० लिहिलेला सोडून १००-२४० वाला घ्या.

लावताना एक गोष्ट, प्रोसेसरची ४+४ पिनची वायर आणि कार्डची ६+२ पिनची, दिसायला सारख्याच, पण आतली वायरिंग उलटी असते. जात नसेल तर जोर लावू नका, वायरवरचं नाव वाचा.

आणि घरी ६०० व्हीएचा यूपीएस असेल तर तो देतो साधारण ३६० वॉट, त्यात मॉनिटरपण आला. माझ्याकडे आता ६६०० आणि ब्राँझ ४५० वर्षभर चालू आहे, एकदाही रिस्टार्ट नाही, पण गेम चालू असताना लाईट गेली की यूपीएस असा काही कोकलतो की पहिलं काम गेम बंद करायचं, मग मोबाईलच्या टॉर्चमध्ये चप्पल शोधायची.