घड्याळ नेमके कधी सुरू होते? एका खुल्या एकांकिका स्पर्धेच्या नियमावलीविषयी

महाविद्यालय सुटले की पुण्यातल्या नाटकवेड्या मुलांपुढे आता नाटक कुठे करायचे, हा प्रश्न उभा राहतो. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून भरवत असलेला पुरुषोत्तम करंडक काय किंवा फिरोदिया करंडक काय, दोन्ही स्पर्धा विद्यार्थ्यांच्या. नोकरी लागली की ती दारे मिटतात. मग राज्य शासनाची हौशी मराठी नाट्य स्पर्धा आणि निरनिराळ्या मंडळांच्या खुल्या गटातील एकांकिका स्पर्धा एवढेच उरते. आमच्या नऊ जणांच्या गटाने गेल्या वर्षी शहरातील अशाच एका खुल्या स्पर्धेत भाग घेतला. येथे मी प्रयोगाविषयी लिहीत नसून तिच्या प्रवेशिकेविषयी आणि नियमावलीविषयी लिहीत आहे, कारण स्पर्धकाची आयोजकांशी पहिली ओळख त्या चार पानांतूनच होते.

चांगले आधी सांगतो. सादरीकरणाचा क्रम सर्व संघांच्या प्रतिनिधींसमोर चिठ्ठ्या काढून ठरवला गेला, अनामत रक्कम प्रयोगाच्या रात्रीच परत मिळाली आणि नाट्यगृहात कोणते स्पॉट (दिवे), किती लेव्हल (नेपथ्यासाठीचे लाकडी चौथरे) व किती माइक मिळतील याची यादी प्रवेशिकेसोबतच जोडलेली होती. नाट्यगृहातल्या तालमीची चैन न परवडणाऱ्या संघाला ही यादी फार मोलाची वाटते, कारण तिच्यावरून नेपथ्य आणि प्रकाशयोजना घरबसल्या आखता येते.

कागदपत्रांचा भागही नेटका होता. लेखकाचे संमतीपत्र आणि प्रयोगाआधी संहिता तपासणाऱ्या राज्य शासनाच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र ही दोन्ही प्रवेशिकेसोबत मागितली होती. अनेक हौशी संघांना संमतीपत्राची अट जाचक वाटते. मला ती योग्य वाटते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हौशी मंडळांना काही सवलत आहे, पण ती प्रेक्षकांकडून पैसे न घेता केलेल्या प्रयोगापुरती किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेल्या प्रयोगापुरती. या स्पर्धेला तिकीट होते, त्यामुळे त्या सवलतीचा आधार घेता येत नाही. शिवाय लेखकाच्या निधनानंतरही ६० वर्षे हक्क वारसांकडे राहतात, हे लक्षात घेता जुन्या एकांकिकेसाठी वारसांचा शोध घ्यायला महिनाभर हाताशी ठेवावा. आम्हाला पत्र मिळायला तीन आठवडे लागले आणि प्रवेशिका शेवटच्या दिवशी कशीबशी पोहोचली.

नियमावलीचा खरा कच्चेपणा दोन शब्दांत आहे. पहिला शब्द ‘हौशी’. ‘संघातील सर्व कलाकार हौशी असावेत’ एवढेच एक वाक्य होते. ज्याचा चरितार्थ अभिनयावर चालत नाही तो हौशी, की ज्याने कधीच मानधन घेतलेले नाही तो? आमच्यातल्या एका मुलीने एका मालिकेत दोन दिवस काम करून पैसे घेतले होते, आणि आमचे ध्वनिसंयोजन सांभाळणारा मित्र अधूनमधून व्यावसायिक नाटकाला जाऊन नाइट, म्हणजे प्रयोगामागे मिळणारे मानधन, घेतो. दूरध्वनीवर विचारले तेव्हा एका कार्यकर्त्याने दोघेही चालतील असे सांगितले, तर दुसऱ्याने त्या मुलीला हरकत घेतली. रंगमंचावरचे कलाकार आणि पडद्यामागचे तंत्रज्ञ यांना एकच अट लागू आहे का, एवढे जरी लिहिले असते तरी ती मुलगी आठवडाभर धास्तावून तालमीला आली नसती.

दुसरा शब्द ‘वेळ’. ‘सादरीकरणाची कमाल वेळ ४५ मिनिटे’ असा नियम होता आणि नेपथ्य लावायला १० मिनिटे वेगळी दिली होती. ती ४५ मिनिटे कुठून मोजायची, हे मात्र कोठेही लिहिलेले नव्हते. संघाचे नाव पुकारले गेले, आमच्या गटातला मुलगा डिमरपाशी (प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या यंत्रापाशी) उभा राहिला, पण दिव्यांचे एक चॅनेल लागेना. नाट्यगृहाच्या माणसाने वायर बदलेपर्यंत विंगेत खाट, पाण्याचा माठ आणि आम्ही सगळे श्वास रोखून उभे होतो. त्यानंतर तिसरी घंटा झाली. माझ्या घड्याळाप्रमाणे घंटेपासून शेवटच्या ब्लॅकआउटपर्यंत ४४ मिनिटे १० सेकंद झाली होती. वेळाधिकाऱ्यांनी नाव पुकारल्यापासून मोजले आणि त्यांच्या तक्त्यात ४६ मिनिटे २० सेकंद भरली. पाच गुण कापले गेले. त्याने निकाल बदलला की नाही, हे गुणपत्रिका दाखवण्याची पद्धत नसल्यामुळे आम्हाला आजही कळलेले नाही. वेळाधिकारी आमच्याशी सौजन्याने बोलले आणि त्यांच्या हेतूविषयी माझ्या मनात शंका नाही, परंतु नाट्यगृहाच्या यंत्रणेत बिघाड झाला तर घड्याळ थांबवावे, हे लिहायला एक ओळ पुरली असती.

परीक्षकांच्या अधिकाराबाबत नियमावली स्पष्ट होती, याचे श्रेय तिला द्यायला हवे. दर्जा न गाठल्यास एखादे पारितोषिक राखून ठेवता येईल, असे त्यात आधीच नमूद होते. २०२२ साली पुरुषोत्तमच्या अंतिम फेरीत परीक्षकांनी करंडक कोणत्याच संघाला दिला नाही, तेव्हा केवढी चर्चा झाली ते पुणेकरांना आठवत असेल. असा निर्णय पटो न पटो, त्याची शक्यता प्रवेशिका भरण्यापूर्वी संघाला ठाऊक असली पाहिजे.

आयोजकांचे कष्ट, वक्तशीरपणा आणि कागदोपत्री काटेकोरपणा पाहता नव्या गटांनी या स्पर्धेत अवश्य उतरावे असे मला वाटते, मात्र हौशीपणाची व्याख्या आणि वेळमोजणीचा आरंभ या दोन गोष्टींचे उत्तर लेखी मागून घ्यावे. यंदाच्या प्रवेशिकेसोबत आम्ही हेच दोन प्रश्न पत्राने पाठवले आहेत आणि तालीम ४० मिनिटांची बसवली आहे.