पेशवे दप्तरात मडक्यांचा हिशेब

पेशवे दप्तरात जाऊन आले म्हटलं की लोक विचारतात, "तुमच्या घराण्यात कुणी सरदार होते का?" नव्हते. माझं माहेर कुंभाराचं, वाई तालुक्यातलं. वडील शेवटपर्यंत चाकावर बसले. मी प्राथमिक शाळेत बत्तीस वर्षं शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर मोडी लिपी शिकले. दप्तरात आपल्यासारख्यांचं काही नसतं, असा समज अनेकांचा असतो, माझाही होता. तो मोडला, म्हणून हे लिहिते आहे.

पेशव्यांच्या कारभाराचे हे कागद, म्हणजे पेशवे दप्तर, पुणे पुराभिलेखागारात आहेत, कौन्सिल हॉलजवळ. जुने पुणेकर त्याला अजून 'एलियनेशन ऑफिस', म्हणजे इनाम जमिनींची कचेरी, म्हणतात. दगडी इमारत १८९१ सालची, खास कागद ठेवण्यासाठीच बांधलेली. बाहेर रहदारीचा गोंगाट, आत शिरलं की गारवा आणि कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांच्या रांगा. या गठ्ठ्यांना रुमाल म्हणतात. तीस हजारांच्या वर रुमाल आहेत आणि बहुतेक मोडीत.

हे सगळं एका जागी का जमलं, हे कळलं तर आत काय सापडेल याचा अंदाज येतो. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि सरकारी कागद इंग्रजांच्या हाती आले. त्यांना ते हवे होते महसुलासाठी: कोणतं गाव किती वसूल देतं, कुणाची जमीन इनाम, कुणाचं वतन खरं. पुढे १८५२ च्या कायद्याने इनामं तपासणाऱ्या इनाम कमिशनला अधिकार मिळाले, चौकशा झाल्या आणि वतनदारांच्या, जुन्या दफ्तरदारांच्या घरचे कागदही गोळा झाले. त्या भागाला 'जमाव' म्हणतात. म्हणजे हा संग्रह टिकला तो हिशेबाच्या गरजेपोटी. लढायांची पत्रं त्यात आहेत, पण मूळ अंग जमाखर्चाचं.

अनेक वर्षं अभ्यासकांना आत सहज प्रवेश नव्हता. नंतर रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी सहकाऱ्यांना घेऊन रुमाल चाळले आणि १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड छापून निघाले. पानिपत, उत्तरेतल्या मोहिमा, पेशव्यांचं खाजगी जीवन असं शोधणाऱ्याने आधी ते खंड पाहावेत, मूळ रुमाल सोडायची गरज कदाचित पडणार नाही. पण निवड करताना राजकारणाला झुकतं माप मिळालं. गावातला कुंभार, परीट, गुरव छापील खंडांत फारसा भेटत नाही. तो रुमालातच राहिला.

आता सेवेबद्दल. ओळखपत्र घेऊन जा, कशासाठी काय पाहायचं आहे याचा अर्ज द्या, मग सूचीतून रुमाल निवडून मागायचा. शुल्क आणि वेळा जाण्याआधी फोनवर विचारून घ्या. परवानगीशिवाय फोटो काढू नका. शाईचं पेन बॅगेत ठेवा, पेन्सिल वापरा. मी गेले तेव्हा रुमाल आणून देणाऱ्या दादांनी गाठ सोडताना सांगितलं, "बाई, पान उचलताना कोपरा धरू नका, खाली तळहात द्या." एवढ्या वर्षांत हजारो गाठी सोडलेल्या माणसाचं हे सांगणं मला फार मोलाचं वाटतं. जुना हातकागद अजून भक्कम आहे, काजळीची शाई काळीभोर आहे, पण घडीवर कागद लगेच जातो. एका पानावर शाई वाळावी म्हणून टाकलेली वाळू अजून चिकटलेली होती. बोटाला लागली तेव्हा मी थोडा वेळ पुढे वाचलंच नाही.

एक गोष्ट मनात पक्की करून जा. हे दप्तर आडनावावरून शोधता येत नाही. कागद लागले आहेत ते कारभाराच्या रीतीने: रोजकीर्द (रोजचा जमाखर्च), घडणी (खातेवार हिशेब), प्रांत अजमास (प्रांताच्या जमाखर्चाचा अंदाज), पागा (घोडदळ), शाहू दप्तर, आंग्रे दप्तर, जमाव. आजचा तालुका, जिल्हा सांगून उपयोग नाही. तुमचं गाव तेव्हा कोणत्या परगण्यात, कोणत्या तर्फेत, म्हणजे त्या काळच्या कोणत्या महसुली विभागात होतं ते घरून शोधून न्या. मी हे न करता गेले आणि पहिला पूर्ण दिवस सूची वाचण्यातच गेला.

दुसरी अडचण तारखांची. कागदावर शुहूर सन, म्हणजे तेव्हाच्या कारभारातली कालगणना, असतो आणि तो अरबी शब्दांत. 'समान सबैन मया व अलफ' म्हणजे आठ, सत्तर, शंभर आणि हजार: ११७८. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, की इसवी सन १७७७-७८. हे वर्ष मृगापासून सुरू होतं, म्हणून शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला ते लवकर उमगतं. मोडीत शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्वदीर्घ पाळत नाहीत. आधी ओळभर आडवी रेघ, मग हात न उचलता तिला अक्षरं लटकवत जायची. पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतं, मी तिथेच शिकले. दहा दिवसांत अक्षरं ओळखू येतात, पण वाहता हात वाचायला मला पुढचं वर्ष लागलं. रोज एक पान, दुसरा उपाय नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणारे किती थोडे उरले आहेत ते साऱ्या राज्याला कळलं. तरुण मुलांनी हे शिकायला हवं असं मला कळकळीने वाटतं.

चौथ्या दिवशी मला हवं ते मिळालं. आधी एका गावच्या हिशेबात बलुतेदारांच्या यादीत 'कुंभार' एवढाच शब्द, नाव नाही, पुढे धान्याचा वाटा. मग रोजकीर्दीच्या एका पानावर खर्चाच्या बाजूला घागरी आणि मडक्यांची किंमत. रकमेपुढे दोन उभ्या रेघा, म्हणजे अर्धा रुपया. एक रेघ पाव, दोन अर्धा, तीन पाऊण, हे आमच्या आजीला येत होतं, ती भिंतीवर कोळशाने असाच हिशेब मांडायची. ते गाव आमचं नाही, तो कुंभार आमचा कुणी नाही. पण मडकी घेतली, पैसे दिले, आणि कारकुनाने ते त्याच दिवशी लिहून ठेवलं. आमच्या घरचे जुने कागद एका कचेरीत वाळवीने गेले, असं वडिलांना तोंडी सांगितलं गेलं होतं. ते आयुष्यभर 'आपला कागद नाही' म्हणत राहिले. मला ते पान त्यांना दाखवायचं होतं.

एका दिवसात जातीच्या दाखल्यासाठी पुरावा काढायला जाणार असाल तर निराश व्हाल. चार-पाच दिवस हाताशी ठेवा, मोडी येत नसेल तर जाणकार सोबत न्या. कोल्हापूर संस्थानचे कागद हवे असतील तर कोल्हापूरच्या अभिलेखागारात जा, मुंबई सरकारचे हवे असतील तर एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत.

मी दिवाळीनंतर पुन्हा जाणार आहे. वाई परगण्याचे दोन रुमाल लिहून ठेवले आहेत, आणि धाकटी भाची सोबत यायचं म्हणते आहे. ती सध्या मोडीची मुळाक्षरं गिरवते आहे, 'क' पर्यंत आली आहे.